धरू का?

कारंजा, ३ जानेवारी १९५८, शुक्रवार

अकोल्याच्या काचेच्या व्यापाऱ्याने या वर्षी गिऱ्हाइकांना कॅलेंडरऐवजी डायऱ्या वाटल्या. माझ्या वाट्याला ही आली. चौथीपर्यंत शिकलेल्या कासाराने हिच्यात काय लिहावं, असा प्रश्न पडला. जिजा म्हणाली, "काईतरी लिवा. नाईतं मी पानं फाडून कुंकवाच्या पुड्या बांधीन." म्हणून लिहायला बसलो.

तर मी भगवंतराव कासार. सोळाव्या वर्षापासून बायकांच्या हातात बांगड्या भरतो आहे. माझा हात लोण्यासारखा आहे असं कारंज्यातल्या बायका सांगतात. खरं सांगायचं तर मीही सांगतो. माझी पद्धत अशी, की हात हातात घेतला की मनगटापासून बोटांपर्यंत हलके हलके चोळायचा, तोंडाने माहेरची विचारपूस चालू ठेवायची. हात सैल पडतो, बांगडी कधी चढली ते बाईला कळतही नाही. बेचाळीस वर्षांत माझ्या हातून एकाही हाताला काच लागलेली नाही.

फक्त घरची बाई माझ्याकडून भरून घेत नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, जिजा आपल्या बांगड्या आपणच भरते. म्हणते, "तुमी दिवसभर लोकाईचे हात धरता, घरी तरी हाताले सुटी द्या." इतकी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

९ जानेवारी, गुरुवार

गावाबाहेरच्या मळ्यातला चंपत माळी आला होता. पाटीभर वांगी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ पान खात बसला. पान संपलं तेव्हा बोलला. त्याच्या गुंफाचं केनवडला जमलं आहे. लग्न १३ फेब्रुवारीला.

मी म्हटलं, मग तोंड असं का?

"भगवंतराव, पोरगी हात लावू देत नाई. कोनालेच नाई. आठ वर्साची असताना चार बायाईनं धरून बांगड्या भरल्या होत्या. त्याच्यानंतर पंधरा दिवस बोलली नाई. तवापासून हात रिकामे हायेत."

नवरीचा हिरवा चुडा लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात भरतात, सासरच्या बायकांच्या देखत. कासाराला त्या दिवशी पाट असतो, मान असतो. तेव्हाच पोरीने ओरडून हात ओढला, किंवा हातातच बांगडी वाढली (आम्ही फुटली म्हणत नाही), तर केनवडच्या बायका तिला वारं लागलेलं आहे म्हणणार आणि वऱ्हाड उठून जाणार. चंपतची बायको प्रयागबाई तर म्हणते, आधीच एखाद्या भगताकडे नेऊन झाडून आणू. भगत कसं झाडतो ते मला ठाऊक आहे. त्याच्या हातात मोराचं पीस नसतं, चिंचेची फोक असते.

मी चंपतला सांगितलं, भगत नको. माझा हात अजून तिने पाहिलेला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळपासून बायकांची रांग. डायरीला वेळ नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं, पण कोऱ्या पानाशी खोटं बोलून काय मिळणार.

मळ्यात गेलो. गुंफा मेथीच्या जुड्या बांधत होती. सतराची असेल, उंच, हाडापेराने दणकट. केळीच्या सोपटाने जुडी अशी करकचून आवळत होती की मला वाटलं, हा हात नाजूक नाही, उगाच लाड आहेत. चंपतने ओळख करून दिली. तिने माझ्या पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. म्हणाली, "बसा काका."

मी बसलो. तिचा हात घेतला आणि माझ्या पद्धतीप्रमाणे हलकेच चोळायला लागलो. केनवडला मळा केवढा आहे गं, विहिरीला पाणी आहे का, असं चालू ठेवलं. तिचा हात सैल पडायच्या ऐवजी लाकूड झाला. मी आणखी हलका हात केला, आणखी गोड बोललो. दुसरी बांगडी चढवत होतो तेव्हा तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की विहिरीवरचे बैल थांबले. हात ओढला. दोन्ही बांगड्या वाढल्या. मनगटावर रक्त आलं.

ती पळाली ती पाटाच्या पाण्यात जाऊन उभी राहिली आणि ओल्या मातीचे गोळे दोन्ही हातांवर थापत राहिली. प्रयागबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "पाह्यलं ना? हे वारंच हाय."

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून रक्त निघालं. घरी येऊन जेवलो नाही. जिजाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुमी तिले इचारलं होतं काय?"

काय विचारायचं? कासार हाताला विचारून हात धरतो का? जिजाला धंद्यातलं कळत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज गुंफा आपणहून दुकानी आली. डोक्यावर कोबीची एवढी मोठी पाटी, की दोन माणसांनी उतरवावी. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी आत पेट्या लावत होतो, त्यामुळे ती बोलली जिजाशी. मी आडून ऐकलं. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

जिजा म्हणाली, "पाटी उतरव ना माय."

"राहू द्या काकू. पाटी असली का बरं वाटते. आंग जागच्या जागी रायते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "काकाले सांगजा, तुमचा हात वाईट नाई. पन तो मुंग्याईवानी चालते. हलका हात मले सोसत नाई. कोनी न सांगता हात ठेवला का ते जागा दिवसभर झोपतच नाई. धुतली तरी नाई."

"मंग कसं सोसते?"

"दाबून धरलं तं सोसते. पन पयले सांगाव लागते. मी मनानं तिथं गेली पायजे. मी जायच्या आंधी हात आला, का मंग माह्यं काई चालत नाई. आईले वाटते मले तिची किळस येते. मले आई आवडते, काकू. मी तिच्यापाशीच झोपते, तीन गोधड्या घेऊन. पन ते डोक्यावरून हात फिरवते, तवा मले पळून जावंसं वाटते. मी हे कोनाले सांगू? सारे म्हनतात, मायेचा हात कोनाले नको असते."

  मी वाकून पाहिलं तर जिजाने पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळून घेतलं होतं. पोरीची दया आली असणार तिला.

आणि मी? लोण्यासारखा म्हणून ज्याची कारंजाभर कीर्ती, तो हात मुंग्यांसारखा. आधी फार राग आला. संध्याकाळी राग उतरला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बेचाळीस वर्षांत हजारो हात धरले, पण माझा हात त्यांना कसा लागतो हे कोणी मला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

२२ जानेवारी, बुधवार

दाबून धरायचा सराव म्हणून आज एका सावकारिणीचा हात तसा धरला. ती म्हणाली, "कासारभाऊ, बांगड्या भरता का हात मोडता?" जिजा आतून हसली. पुष्कळ दिवसांनी एवढं हसली.

२७ जानेवारी, सोमवार

मळ्यात गेलो. सोबत सव्वादोनाच्या मापाच्या चारच बांगड्या. गुंफाला म्हटलं, "पोरी, मी आधी सांगेन, तू हो म्हटल्यावर धरेन. चोळणार नाही, बोलणार नाही."

तिने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. तेही क्षणभरच.

"धरू का?"

"थांबा."

थांबलो. मोटेच्या दोन फेऱ्या झाल्या. बेचाळीस वर्षं बोलण्याच्या जोरावर धंदा केलेल्या माणसाला गप्प बसणं किती जड जातं ते आज कळलं.

"धरा."

अंगठा आत दुमडला, खालचा फुगवटा एकदम दाबला, बांगडी चढवली, हात सोडला. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण हात जागेवर होता. ती त्या एका बांगडीकडे पाहत राहिली, मनगट हलवून आवाज ऐकत राहिली. "आवाज चांगला हाय," म्हणाली. इतक्या वर्षांत तिला बांगड्या नकोत असं सगळे समजत होते. तिला तर बांगड्या हव्याच होत्या.

प्रयागबाई दूर उभी राहून पाहत होती. तिने भगताचं नाव काढलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

तीन बांगड्या. तिन्ही शाबूत. घरी येताना मी एकटाच रस्त्याने हसत होतो. भेटेल त्याला सांगावंसं वाटत होतं, पण सांगणार काय?

१ फेब्रुवारी, शनिवार

मी गाढव आहे.

पाच बांगड्या चढल्या. पाचवी चढल्यावर मला राहवलं नाही. "शाबास गं माझी वाघीण," म्हणून मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सगळं मुसळ केरात. ती उठली, पाटात जाऊन उभी राहिली. मी माफी मागायला जवळ गेलो तर आणखी लांब गेली. चंपत म्हणाला, "राहू द्या भगवंतराव. आता चार बाया धरतीन अन् काय. दोन घडीचं रडनं." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. तेच मला जास्त लागलं.

कौतुक करायला हात उचलावा लागतो असं कोणी शिकवलं आपल्याला?

६ फेब्रुवारी, गुरुवार

पाच दिवस गुंफाने मळ्यात मला पाहिलं की पाठ फिरवली. आज जिजा म्हणाली, "मी येते तुमच्यासंगं." छत्तीस वर्षांत ती कधी पेटीमागे आली नव्हती.

दोघी पाटाच्या कडेला बसल्या, दोघींच्या मध्ये हातभर अंतर. जिजाने स्वतःच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि पुन्हा चढवून दाखवल्या, आपल्याच हाताने आपल्याच हातात. गुडघ्यावर हात टेकवायचा, अंगठा मांडीशी दाबायचा, श्वास सोडताना बांगडी सरकवायची. इतक्या सफाईने, की माझ्यासारख्या कासाराने पाहत राहावं. गुंफाने लगेच उचललं. उजव्या हातात चार भरल्या.

मग जिजा तिला म्हणाली, "ते मुद्दाम नाई करत. त्याईले सांगाव लागते. मी नाई सांगतलं, तू सांगतलं, हे लय चांगलं केलं."

काय सांगायचं राहिलं जिजाचं, ते मी विचारलं नाही. परत येताना ती माझ्या पुढे चालत होती. मी तिच्या पाठमोऱ्या हातांकडे पाहत होतो.

निघताना गुंफा मला म्हणाली, "काका, मांडवात तुमीच या. पन शाबास तोंडानं म्हना."

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज सविस्तर लिहितो.

चंपतच्या मांडवात केनवडच्या अकरा बायका येऊन बसल्या. मध्ये गुंफाची होणारी सासू सरूबाई, पन्नाशीची, तोंडावर करारीपणा, हातात जुन्या बांगड्या पार रुतलेल्या. मला पाट दिला, कुंकू लावलं. गुंफा समोर बसली. पेटी उघडली.

मी म्हटलं, "धरू का?"

"थांबा," गुंफा म्हणाली.

मांडवात कुजबुज झाली. सरूबाई म्हणाली, "हे काय? नवरी कासाराले थांबवते?" मागून कोणीतरी बोललं, "आमी काय परके हाओत, आंगाले हात लावू देत नाई ते?" आणि चार बायका पदर खोचून उठल्या. प्रयागबाईने डोळे मिटून घेतले. मी गुंफाकडे पाहिलं. तिचे खांदे वर चढले होते, बोटं पाटाच्या कडेला रुतली होती. आता त्या चार बाया तिच्यापर्यंत पोचल्या असत्या तर सगळं संपलं असतं. लग्न तर मोडलंच असतं, पण त्याहून मोठं काहीतरी मोडलं असतं, जे आठव्या वर्षी एकदा मोडलं होतं.

मी उभा राहिलो. कासार पाटावरून उठला की चुडा थांबतो, हे साऱ्यांना ठाऊक असतं.

म्हटलं, "बाया हो, खाली बसा. चुडा कासाराचा असतो, रीतही कासाराची. आमच्या घराण्यात नवरीला तीनदा विचारल्याशिवाय हात धरत नाहीत. नवरी थांब म्हणाली तर कासार थांबतो. सूर्य कलला तरी थांबतो. धसमुसळेपणाने भरलेला चुडा टिकत नाही."

असली रीत आमच्या घराण्यात कधीच नव्हती. ती मी तिथे उभ्या उभ्या केली. पण इतक्या ठामपणे बोललो की मलाही ती खरी वाटली.

सरूबाई म्हणाली, "आमच्या इकडं नाई अशी रीत."

"म्हणून तर तुमच्या हातातल्या बांगड्या रुतल्या आहेत, बाई," मी म्हटलं. "कोणी दांडगाईने भरल्या त्या?"

तिने हात पदराखाली घेतले. चौघी खाली बसल्या.

दुसऱ्यांदा विचारलं. गुंफा म्हणाली, "थांबा."  अख्खा मांडव एका पोरीच्या होकाराची वाट पाहत बसला होता. असं दृश्य मी कुठल्याही लग्नात पाहिलेलं नाही. तिचे खांदे हळूहळू खाली आले.

तिसऱ्यांदा विचारलं.

"धरा. दाबून धरजा," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

डाव्या हातात अकरा भरल्या. प्रत्येक बांगडीला विचारलं, प्रत्येक बांगडीला ती हो म्हणाली. बारा वाजत आले. मग ती म्हणाली, "उजव्या हातातल्या मी भरते." मी तोंड उघडायच्या आत जिजा बाजूने म्हणाली, "तेही रीतच हाय आमची." आणि गुंफाने दहा बांगड्या आपल्या हाताने भरल्या, गुडघ्यावर हात टेकवून, जिजाने शिकवल्या तशा. एकही वाढली नाही. तिने दोन्ही हात वर करून वाजवले आणि हसली. चंपत मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. तो का गेला ते मला माहीत होतं.

मी फक्त तोंडाने शाबास म्हटलं. हात पेटीच्या झाकणावर दाबून ठेवले होते.

नंतर सासरच्या बायकांची पाळी. सरूबाई समोर बसली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "धरू का?" ती माझ्याकडे बघत राहिली. पन्नास वर्षांच्या बाईला उत्तर द्यायला वेळ लागला. मग म्हणाली, "आता इचारलंच हाय तं थांबा जराक." आणि पदराने हात पुसून, नीट सरसावून, पुढे केला.

ती जाताना प्रयागबाईला म्हणाली, "हळदीच्या वक्ती माह्या बायाईले मी सांगते. इचारूनच लावतीन."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. गुंफा बाजूला उभी होती आणि कोणी तिच्याकडे गेलं नाही, कारण ती सगळ्यांना आधीच सांगून मोकळी झाली होती. मग ती आपण होऊन आईपाशी गेली, तिला दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं, जुडी आवळते तसं, आणि सोडलं. प्रयागबाई म्हणाली, सतरा वर्षांत पहिल्यांदा.

गाडीत बसण्याआधी माझ्यापाशी आली. "काका, धरू का?" म्हणाली. माझं मनगट तिने असं दाबलं की बोटांचे वळ उठले. मी ते घरी आल्यावर जिजाला दाखवले, शेजाऱ्याला दाखवले. अजून कोणी विचारलं तर दाखवणार आहे.

३ मार्च, सोमवार

चंपत केनवडहून आला. गुंफा खुशाल आहे. त्यांच्या मळ्यात मिरच्या तोडते. नवरा लांबूनच हाक मारतो, ती हो म्हणाली की जवळ येतो. गावातले त्याला चिडवतात, तो हसतो. सरूबाईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं आहे की कारंज्याच्या कासारांची ही जुनी रीत आहे. आता ती रीत मोडायची माझी छाती नाही. दुकानात प्रत्येकीला विचारतो. वेळ दुप्पट लागतो. बायका वाढल्या आहेत.

होळी दोन दिवसांवर. दुपारी जिजा ओसरीवर बसून जुन्या बांगड्या उतरवत होती. नव्या हिरव्या बाजूला काढलेल्या. मी तिच्यासमोर जाऊन बसलो. हातभर अंतर ठेवून.

म्हटलं, "जिजा, धरू का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. छत्तीस वर्षांत मी तिला पुष्कळ काही विचारलं होतं, मीठ आहे का, पाहुणे कधी येणार. हे विचारलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली.

मी थांबलो. बाहेरून होळीची लाकडं ओढत नेणाऱ्यांचा आवाज आला आणि गेला. मी काही बोललो नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

मग तिने डावा हात पुढे केला. "दोन भरा. दाबून. बाकीच्या मी भरते."

दोन भरल्या. माझ्या हातच्या त्या दोन कोणत्या ते दुसऱ्या कोणाला ओळखू येणार नाही. मला येतात.